मधमाशी आणि माणूस : अंतराचा इतिहास

सातपुड्याची दक्षिण उतरण जेथे सपाटीला टेकते, तेथे नागपूर-इटारसी लोहमार्गावर तिगाव हे गाव आहे. उत्तरेकडे जाणारी गाडी येथून पुढे चिचोंड्याचा घाट चढू लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा-सौंसरचा हा मराठीभाषक मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. शासनाच्या सीमा अशा हलत राहिल्या, तरी संत्र्याच्या बगीच्यांनी काटोल-नरखेडपासून पांढुर्ण्यापर्यंतचा प्रदेश एकच ठेवला आहे. हिवाळ्यात झाडांना ताण द्यावा, मग ओलित सोडावे आणि जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहराची पांढरी फुले फुटावीत, हा येथला क्रम. त्या दिवसांत बगीच्यात आणि घरामागच्या परसातही पहिली वर्दळ असते ती मधमाश्यांची.

अशा एखाद्या परसबागेत अलीकडे एक नवे दृश्य दिसू लागले आहे. वाघ किंवा गरुड टिपण्यासाठी वापरतात तसली लांबलचक टेलिफोटो लेन्स तिवईवर लावून कोणी तरी दोन-अडीच पावलांवरच्या फुलाकडे रोखून बसलेला असतो. ज्या भिंगाने मैदानापलीकडचे हरीण पाहावे, त्याने हाताच्या अंतरावरची माशी पाहणे हा पहिल्या दर्शनी विक्षिप्तपणा वाटतो. इवल्या जिवाचे चित्र हवे असेल तर माणसाने जवळ जावे, हा साधा व्यवहार. हा गृहस्थ मात्र मागे सरून बसला आहे. या मागे सरण्याला फार जुना इतिहास आहे. माणसाने मधमाशीकडे कोणत्या काळी किती अंतरावरून पाहिले आणि त्या त्या अंतरावरून त्याला काय दिसले, याचाच तो इतिहास होय.

त्याची पहिली पाने याच लोहमार्गाच्या उत्तर भागात आहेत. १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेने भोपाळकडे जात असता त्यांना खिडकीतून काही खडकांचे उंच सुळके दिसले. युरोपातील चित्रगुहांच्या परिसराशी असलेले त्यांचे साम्य त्यांच्या नजरेत भरले. गाडीतून उतरून ते तेथे गेले आणि भीमबेटका जगाला ज्ञात झाले. २००३ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारसा म्हणून स्वीकार केला. भीमबेटका असो वा तिगावच्या उत्तरेला सातपुड्यातच वसलेली पचमढी असो, मध्य भारतातील शैलाश्रयांत मध काढण्याची चित्रे आढळतात. कड्याला किंवा झाडाला लटकलेले पोळे, त्याकडे चढत जाणारा माणूस, शिडी, भोवती ठिपक्यांसारख्या उधळलेल्या माश्या. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळच्या आरान्या गुहेतही अशाच स्वरूपाचे दृश्य रंगविलेले आहे. दोन खंडांतल्या अनाम चित्रकारांनी एकच प्रसंग निवडावा, याचे कारण उघड आहे. तो त्यांच्या जगण्यातला थरारक प्रसंग होता.

या चित्रांत माशी कशी दिसते? ती ठिपका म्हणून दिसते. तिला पंख नाहीत, पाय नाहीत, चेहरा नाही. चित्रकाराने तिला जवळून पाहिले नव्हते असे नाही. ती त्याच्या अंगाला डसत होती. परंतु धूर आणि मशाल घेऊन पोळ्यापर्यंत पोचलेल्या माणसाला माशी पाहण्याची सवड नसते. तो मध पाहतो. आपल्या भाषेतही हा अनुभव साठून राहिला आहे. आग्या मोहोळ उठणे, मधाचे बोट लावणे, या प्रयोगांत भीती आहे आणि लोभ आहे, निरीक्षण नाही. जवळ जाणे म्हणजे जाणणे अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मधमाशीच्या बाबतीत मात्र हजारो वर्षांच्या जवळिकीतून माणसाला ठिपक्यापलीकडे फारसे काही दिसले नव्हते, असेच म्हणावे लागते.

ठिपक्याला अवयव मिळाले ते १६२५ मध्ये, रोम शहरात. फेदेरिको चेझी याने स्थापलेल्या लिंचेई या विद्वत्सभेतील फ्रांचेस्को स्तेल्लुती याने सूक्ष्मदर्शकातून मधमाशी पाहिली आणि तिचे तीन बाजूंनी काढलेले चित्र छापून प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने काढलेल्या छापील चित्रांत त्याचा मान पहिला मानला जातो. त्या वेळचे पोप आठवे अर्बन यांच्या घराण्याच्या चिन्हावर तीन माश्या होत्या, म्हणून हा विषय निवडला गेला. विज्ञानाची पहिली पावले अशी दरबारी वाटेनेही पडत असतात. त्याच शतकात डच शास्त्रज्ञ यान स्वामरडाम याने माशीचे विच्छेदन केले. युरोपात तोवर पोळ्याच्या प्रमुखाला ‘राजा’ म्हणत असत. स्वामरडामने त्या राजाच्या पोटात अंडाशय दाखवून दिले. त्याचे हे काम मृत्यूनंतर, १७३७-३८ मध्ये, ग्रंथरूपाने छापले गेले. आपण सहज ‘राणीमाशी’ म्हणतो, त्या शब्दामागे हा शोध उभा आहे.

भिंगाखाली आलेली ही माशी मेलेली होती, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. डोळ्यांतील षट्कोन, नांगी, पायावरची परागाची टोपली हे सारे निश्चल देहातून कळले. ती फुलावर कशी वागते, घरी परतल्यावर काय करते, हे त्या देहातून कळणे शक्य नव्हते. त्यासाठी तिच्या वाटेतून बाजूला व्हावे लागणार होते.

या बाजूला होण्याचे एक विलक्षण उदाहरण जिनिव्हाच्या फ्रांस्वा ह्युबेरचे आहे. तरुणपणीच त्याची दृष्टी गेली. त्याने पुस्तकाच्या पानांसारख्या उघडणाऱ्या चौकटींची पेटी तयार करविली. फ्रांस्वा ब्युर्नांस हा त्याचा सेवक पाहत असे, ह्युबेर प्रश्न विचारीत असे, आणि उत्तरांची पुनःपुन्हा फेरतपासणी करीत असे. १७९२ मध्ये त्याची निरीक्षणे प्रसिद्ध झाली. मधमाश्यांच्या वर्तनाचा पाया घालणाऱ्यांत एका अंधाची गणना व्हावी, हा योगायोग नव्हे. पाहणे ही केवळ डोळ्यांची क्रिया नसून धीराची आणि प्रश्नांची क्रिया आहे, हे त्याने सिद्ध केले.

पुढे १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी आणखी एक अंतर हेरले. पोळ्यात वावरण्यासाठी माश्या एका ठरावीक रुंदीची फट मोकळी ठेवतात. ही फट एका सेंटिमीटरहून किंचित कमी असते. ती अरुंद झाली तर माश्या डिंकासारख्या राळेने ती बुजवितात, रुंद झाली तर तीत नवे पोळे बांधतात. लँगस्ट्रॉथ यांनी पेटीतील चौकटींभोवती नेमके तेवढेच अंतर राखले आणि पोळे न मोडता चौकट बाहेर काढता येऊ लागली. आधुनिक मधुमक्षिकापालनाची सारी इमारत या अंतरावर उभी आहे. माशीने आखलेले अंतर माणसाने मान्य केले, तेव्हाच तिला न मारता मध घेणे साधले.

या विचाराला आपल्याकडे नैतिक अधिष्ठान मिळाले ते तिगावहून फार दूर नसलेल्या वर्ध्यात. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मधमाशीपालन हा आपला एक उद्योग मानला. पोळे जाळून, अंडी-अळ्यांसह पिळून काढलेला मध आणि पेटीतून यंत्राने काढलेला मध यांतील भेद गांधीजींच्या वर्तुळात केवळ स्वच्छतेचा नव्हता, तो अहिंसेचाही होता. संघाचे जे. सी. कुमारप्पा यांनी तुरुंगवासात लिहून १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अर्थव्यवस्थेविषयीच्या ग्रंथात निसर्गातील प्राण्यांच्या उदाहरणांनी मानवी अर्थव्यवहाराचे प्रकार सांगितले. त्यांत परोपजीवी व्यवहाराला वाघ, लुटीच्या व्यवहाराला माकड आणि समूहासाठी झटण्याच्या व्यवहाराला मधमाशी हे उदाहरण आहे. पुढे महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी माशीच्या पेट्यांनी अनेक कुटुंबांना आधार दिला. पुण्यात १९६२ मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था उभी राहिली. पुण्याच्याच जी. बी. देवडीकर आणि सी. व्ही. ठकार या संशोधकांनी १९६६ मध्ये आग्या व फुलोरी या माश्यांच्या गुणसूत्रांची संख्या प्रसिद्ध केली. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, ते याच परंपरेचे पुढचे पाऊल होय.

परंतु पेटीचा इतिहास हा मधमाशीचा संपूर्ण इतिहास नव्हे. आपल्याकडे पेटीत राहते ती मुख्यतः सातेरी, आणि आता बाहेरून आणलेली युरोपीय माशी. आग्या माशी पेटीत राहत नाही. उंच झाडाला, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीला एकच मोठे उघडे पोळे लावून ती ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करते. फुलोरी माशीही पेटी नाकारते. तिचे तळहाताएवढे पोळे झुडपाच्या फांदीभोवती, कित्येकदा परसातल्या लिंबाच्या नाही तर मेंदीच्या कुंपणात असते. यांखेरीज नांगी नसलेल्या इवल्या माश्या आहेत, निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या माश्या आहेत, लाकूड कोरणारे काळे भुंगे आहेत. यांना चौकटीत बसवून पाहता येत नाही. यांच्यासाठी दुसरे साधन हवे होते, आणि ते छायाचित्रणाकडून आले.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. त्या काळच्या ओल्या काचांवर चित्र उमटण्यास सेकंदामागून सेकंद लागत. इमारत स्थिर राही, माणसाला मान टेकवून बसवावे लागे, आणि उडती माशी तर काचेवर उमटतच नसे. हा अडसर फ्रान्समध्ये दूर झाला. एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा करून उडते पक्षी टिपले. त्यांच्याच संस्थेतील ल्युसियाँ ब्युल यांनी १९०४ च्या सुमारास विजेच्या ठिणग्यांच्या उजेडात कीटकांचे उड्डाण क्षणाक्षणाने चित्रफितीवर उतरविले. सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा हलणारे पंख थांबलेले दिसले.

काळाच्या या खेळाचे आपले उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण करण्यापूर्वी, १९१२ मध्ये, त्यांनी घरात कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे दिवसांमागून दिवस घेऊन वेल डोळ्यांदेखत वाढताना दाखविली. भांडवल देणाऱ्याला पटवावे हा त्यांचा हेतू होता. तरीही घरच्या कुंडीत घडणारी गोष्ट चित्रणास योग्य आहे, आणि कॅमेरा तेथे वाट पाहत बसू शकतो, ही जाण त्या कृतीत होती. परसातल्या माशीसमोर बसणाऱ्या छायाचित्रकाराचे मूळ मराठी मुलखात शोधायचे झाले, तर ते या वाटाण्याच्या कुंडीपाशी सापडेल.

टेलिफोटो लेन्स ही १८९१ ची देणगी आहे. लंडनचे डॅलमायर, बर्लिनचे मीथे आणि म्युनिकचे श्टाइनहाइल यांनी एकाच वर्षी, स्वतंत्रपणे, तिची रचना सिद्ध केली. पुढे प्रकाश एकवटणारा भिंगसमूह आणि मागे तो किंचित फाकविणारा समूह, अशी ही योजना असते. तिच्यामुळे लेन्सची नळी तिच्या नाभीय अंतराहून आखूड ठेवता येते आणि दूरची वस्तू मोठी दिसते. ती युद्धात, वृत्तपत्रांत, अरण्यात वापरली गेली. फुलावरच्या माशीसाठी तिचा उपयोग ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

तो उपयोग आकड्यांनी सांगता येतो. शंभर मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने माशी फिल्मवर मूळ आकाराएवढी उतरवायची, तर लेन्सचे टोक फुलापासून सुमारे एक वीत अंतरावर न्यावे लागते. त्या अंतरावर माणसाची सावली फुलावर पडते, फांदी हलते आणि माशी उडून जाते. तीनशे मिलिमीटरची लेन्स दीड मीटरवरून माशीला मूळ आकाराच्या सुमारे चौथ्या हिश्शाने उतरवते. म्हणजे एक सेंटिमीटरची माशी अडीच मिलिमीटरची होते. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये पोकळ कडी बसविली की हे प्रमाण आणखी वाढते. आकाराच्या दृष्टीने हा तोटाच आहे. या तोट्याच्या मोबदल्यात जे मिळते, ते महत्त्वाचे आहे. पार्श्वभूमी निवळून जाते आणि माशीला आपण असल्याचा पत्ता लागत नाही. पंख गोठवायचे तर सेकंदाचा हजारावा भागही अपुरा पडतो, कारण तेवढ्यात पंखाच्या एका फेऱ्याचा पाचवा भाग उरकलेला असतो. पण पंख धूसर राहिले म्हणून काही बिघडत नाही. पायावरची परागाची टोपली भरलेली आहे की रिकामी, जीभ फुलात किती खोल गेली आहे, हे स्पष्ट दिसते. पचमढीच्या चित्रातला ठिपका येथे प्रथमच, जिवंत आणि कामात असलेला, चेहऱ्यासह समोर येतो.

या दृष्टीचे मोल फुलोरी माशीच्या बाबतीत विशेष जाणवते. माश्या नृत्याने एकमेकींना अन्नाची दिशा व अंतर सांगतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी काचेच्या पेटीतून वर्षानुवर्षे पाहून उलगडले आणि त्यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पेटीतील माशी अंधारात, उभ्या पोळ्यावर नाचते. तेथे ‘वर’ म्हणजे ‘सूर्याकडे’ असा संकेत असतो. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी सिलोनमध्ये आपल्याकडच्या जातींचे निरीक्षण करून १९५६ मध्ये ते प्रसिद्ध केले. फुलोरी माशी फांदीवरच्या पोळ्याच्या सपाट माथ्यावर, उघड्या उजेडात नाचते आणि तिची धाव थेट फुलोऱ्याच्याच दिशेने असते. ज्या परसात हे पोळे आहे, तेथे काचेची पेटी लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. पाच-सहा फुटांवर बसलेल्या माणसाला लांब भिंगातून माश्यांची ही भाषा वाचता येते. नाचणारी माशी पूर्वेकडे धावते आहे आणि पूर्वेला शेजारच्या बगीच्यात आंबिया बहर फुटला आहे, एवढा ताळा जुळला तरी तो दिवस सार्थकी लागावा. हेच पाहण्यासाठी फांदी वाकवली, तर पोळ्यावरचा पडदा विस्कटतो आणि नृत्य थांबते.

आग्या माशीच्या बाबतीत अंतर ही तर अटच असते. गांधीलमाशी जवळ आली की आग्याच्या पोळ्यावर लाटेसारखी थरथर पसरत जाते. हजारो माश्या क्रमाक्रमाने पोट उचलतात. गेराल्ड कास्टबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये चित्रीकरणाच्या आधारे दाखविले की ही लाट गांधीलमाशीला परतवून लावते. शैलाश्रयातल्या मधवाल्यानेही ही लाट पाहिली असेलच. मात्र मशाल हाती असता तिचा अर्थ लावणे त्याला शक्य नव्हते.

छायाचित्राचा हा गौरव करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. एकट्या राहणाऱ्या बहुतेक बारीक माश्यांची जात केवळ चित्रावरून निश्चित होत नाही. त्यासाठी आजही नमुना भिंगाखाली ठेवावाच लागतो. स्तेल्लुतीची वाट बंद झालेली नाही. शिवाय कॅमेरा हाती आला म्हणजे संयम येतोच असे नाही. माशी हलू नये म्हणून तिला शीतपेटीत गारठवून फुलावर ठेवणारेही आहेत. असे चित्र कितीही सुबक असले, तरी त्यात माशीचे वागणे नसते. ते जिवंत देहाचे मृत चित्र असते.

हे सारे जपून पाहण्याची गरज आज अधिक आहे. १९९१-९२ नंतर विषाणुजन्य रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. फुलोऱ्याच्या काळात दिवसा केलेली कीटकनाशकांची फवारणी माश्यांना मारते, म्हणून ती टाळावी, निदान माश्या परतल्यावर सायंकाळी करावी, असा सल्ला तज्ज्ञ देतात. बगीच्याचा धनी तो मानील केव्हा? आपल्या झाडावर कोण येते हे त्याला दिसेल तेव्हा. पूर्वी पुष्कळ माश्या येत, आता येत नाहीत, असे जुनी माणसे सांगतात. पण स्मरणाला तारीख नसते. तारीख, वेळ, फूल आणि जागा यांची नोंद असलेले परसातले साधे छायाचित्र ही तारीख पुरविते. तिगावच्या एका परसात दहा बहरांची अशी चित्रे जमली, तर ती त्या मुलखाच्या इतिहासाची साधने ठरतील. आपण इतिहास म्हटला की ताम्रपट आणि बखरी आठवतो. ज्या जिवांनी शेतीला फळ दिले, त्यांचे दप्तर मात्र आपण कधी ठेवलेच नाही.

आपल्या संस्कृतीत ‘माधुकरी’ हा शब्द आहे. मधुकर जसा फुलाला इजा न करता प्रत्येकाकडून थोडे घेतो, तसे घरोघरी थोडे अन्न मागून विद्यार्थ्याने शिकावे, अशी ती रीत होती. घेणे आणि न दुखावणे यांचा मेळ या शब्दात साधला आहे. माणसाने मधमाशीकडून ही रीत शिकली, परंतु खुद्द मधमाशीशी वागताना ती पाळली नाही. तिच्याशी त्याचा व्यवहार धुराचा आणि मशालीचाच राहिला. लांब भिंग लावून परसात मागे सरून बसलेला माणूस माशीकडून काहीतरी घेतोच. ते घेऊन झाल्यावर फूल तेथेच असते, माशी आपल्या कामात असते, आणि पोळ्यातले मधाचे थेंबही तेवढेच असतात. हजारो वर्षांच्या या संबंधात ही माधुकरी अगदी अलीकडची आहे. ती रुजवायची असेल, तर यंदाच्या आंबिया बहरात कोणी तरी वही आणि कॅमेरा घेऊन परसात बसावयास हवे.